झेनॉन किट लावलं अन् हेडलाईट सारखा विझतोय? बॅलास्ट बदलायच्या आधी हे बघा

मोटरसायकलला झेनॉनचं किट लावलं, पहिल्या रात्री असा उजेड पडला की गल्लीतली कुत्री उठून बसली, आणि मग पंधरा दिवसांनी सिग्नलला थांबलं की हेडलाईट फडफडायला लागला, मग विझायला लागला, डिप्पर मारला की गुल, अन् सकाळी सेल्फ मारल्यावर तर पेटायचं नावच घेईना. दुकानदाराकडं गेलं की तो म्हणणार बॅलास्ट, म्हणजे झेनॉनचा बल्ब पेटवणारा डबा, गेलाय, नवीन टाका. टाकला की महिना दीड महिना बरं चालतं आणि पुन्हा तेच रडगाणं. हे ज्यांचं ज्यांचं होतंय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण या चक्करमध्ये मी तीन बॅलास्ट विकत घेतलेत आणि दोष तिन्ही वेळा बॅलास्टला करंट पोचवणाऱ्या वायरींचा निघाला.

माझी गाडी १५० सीसीची, २०१२ ची, सेल्फ आणि किक दोन्ही, बॅटरी ९ एएचची. किट घेतलं ते साधंच, ३५ वॅटचं, ६००० केल्विनचा पांढरा बल्ब, अप्पर डिप्परसाठी आतल्या आत पुढं मागं सरकणारा. हौस नव्हती हो, गरज होती. आमच्या कराड भागात ऊस तोड चालू झाली की रात्री रस्त्यावर ट्रॉल्याच ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि कंपनीच्या पिवळ्या बल्बात ती ट्रॉली दिसायची तेव्हा ब्रेक मारायला जेमतेम जागा उरलेली असायची.

आता पहिलं काम. तुमच्या गाडीचा हेडलाईट एसीवर आहे का डीसीवर हे बघा, बाकीचं सगळं नंतर. बघायचं कसं, तर इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन करा आणि हेडलाईटचं बटण दाबा. पेटला तर तो बॅटरीवर चालतो म्हणजे डीसी. पेटला नाही, अन् इंजिन चालू केल्यावरच पेटला आणि रेस वाढवली की उजेड वाढतोय, रेस सोडली की मंद होतोय, तर तो थेट मॅग्नेटच्या (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) कॉइलवर आहे म्हणजे एसी. १ एप्रिल २०१७ नंतरच्या नव्या गाड्यांना हेडलाईटचं बटणच नसतं, कायम चालू, आणि बऱ्याच गाड्यांत तो इंजिन सुरू झाल्यावरच लागतो, त्यामुळं तिथं ही टेस्ट फसवते, मल्टीमीटर एसीवर ठेवून होल्डरच्या पिनांवरच बघावं लागतं. माझी गाडी एसी होती आणि किट लावणाऱ्यानं मला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

मग एसी असेल तर बिघडतं काय? किटबरोबर एक वायरिंग येतं, त्यात रिले असतो, म्हणजे बारीक करंटच्या इशाऱ्यावर जाड वायरीचा करंट चालू बंद करणारा स्विच. जाड वायर बॅटरीवरून रिलेमधून बॅलास्टला, आणि रिलेला चालू हो असं सांगायला एक बारीक वायर, ती गाडीच्या मूळ बल्बच्या होल्डरमध्ये खोचायची. डीसी गाडीत हे झकास चालतं. एसी गाडीत त्या होल्डरमध्ये येणारा करंट सेकंदाला कित्येकदा शून्यावर जाऊन परत येतो. मॅग्नेटला ८ पोल धरा, १२०० आरपीएमला सेकंदाला ८० हेलकावे होतात, ५००० ला ३३३. रेस असताना हेलकावे इतके झपाझप येतात की रिलेच्या पट्टीला सुटायला वेळच मिळत नाही, ती चिकटून राहते, हेडलाईट मस्त. सिग्नलला रेस सोडली की हेलकावे कमी, व्होल्टेजपण कमी, मग ती पट्टी सुटते चिकटते सुटते चिकटते, आणि प्रत्येक वेळी बॅलास्टला वाटतं की आपल्याला आत्ताच चालू केलंय.

हे मला कळलं ते आमच्या वायरमनमुळं. सगळे त्याला मामाच म्हणतात. मी तिसरा बॅलास्ट घेऊन गेलो होतो बसवायला. त्यानं तो हातात पण घेतला नाही, म्हणला गाडी चालू कर अन् बटण दाब, आणि स्वतः सीटखाली रिलेवर बोट ठेवून बसला. मग मला म्हणाला, "तू ठेव बोट." ठेवलं तर मुठीत भुंगा धरल्यासारखी गुणगुण. रेस दिली की बंद, सोडली की परत टर्रर्र. मामा म्हणला, "ह्याच्या जागी तुला कुणी सेकंदाला पन्नास वेळा झोपेतून उठवलं तर तू किती दिवस टिकशील?"

आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं, कारण झेनॉनच्या बल्बात तार नसते. दोन टोकांमधे ठिणगी पेटवावी लागते, त्यासाठी बॅलास्ट सुरुवातीला वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका देतो, मग बल्ब गरम होईपर्यंत पाच सहा सेकंद बॅटरीतून ७-८ अँपिअर ओढतो, आणि नंतर कुठं साडेतीन अँपिअरच्या आसपास शांत होतो. म्हणजे ३५ वॅट ३५ वॅट म्हणून जे विकतात ते चालू झाल्यानंतरचं गणित आहे, पेटतानाचा खाक्या दुप्पट. तो पेटण्याचा त्रास रात्रीतून एकदा व्हायला पाहिजे, माझ्या गाडीत प्रत्येक सिग्नलला दहावीसदा होत होता. नंतर मामानं माझे आधीचे दोन मेलेले बॅलास्ट कारच्या बॅटरीवर लावून बघितले, तर त्यातला एक लख्ख पेटला! पैसे देऊन बदललेला, डब्यात टाकलेला, ठणठणीत बॅलास्ट.

उपाय सांगतो. रिलेची बारीक वायर होल्डरमधून काढा आणि चावी ऑन केली की जिच्यात डीसी येतो अशा लाईनवर घ्या. हॉर्नची किंवा ब्रेक लाईटची लाईन बहुतेक गाड्यांत डीसीच असते, पण मीटर लावून खात्री करा, वायरचे रंग गाडीगणिक वेगळे असतात, माझे रंग सांगून तुमचा घोळ करत नाही. आम्ही काय केलं, हँडलवरच्या हेडलाईट स्विचला जी एसीची वायर येत होती ती सोडवून टेप मारून बाजूला बांधली आणि तिच्या जागी डीसी दिला. स्विचमधून बाहेर पडणारी वायर डिप्परच्या आधीच फोडून रिलेला, आणि पुढं डिप्परमधून अप्परची वायर फक्त बल्ब सरकवणाऱ्या कॉइलला. डिप्परच्या आधी हे शब्द महत्त्वाचे आहेत. कारण डिप्परचा स्विच खालून वर जाताना मधे क्षणभर दोन्हीकडून सुटतो, साध्या बल्बला ते कळत पण नाही, तार गरमच असते, पण झेनॉनची ठिणगी तेवढ्यात विझते आणि गरम बल्ब परत पेटवणं बॅलास्टला जास्त जड जातं. समोरून ट्रक येतोय, तुम्ही सभ्यपणे डिप्पर मारताय आणि तुमचाच हेडलाईट गेला, हे मी अनुभवलंय, पोटात गोळा येतो. रिले डिप्परच्या आधीच्या वायरवर असला की डिप्पर किती पण खालीवर करा, बॅलास्टला त्याचा पत्ताच लागत नाही.

रिलेच्या पिना कुणाला पाहिजे असतील तर, ३० वर बॅटरीची जाड वायर फ्यूजमधून, ८७ वरून बॅलास्टला, ८५ आणि ८६ वर ती बारीक वायर आणि अर्थ. काहीजण डायोड आणि कपॅसिटर लावून एसीवरच रिले धरून ठेवतात, चालतं ते पण, पण पावसाळ्यात उघड्यावर सोल्डर केलेला कपॅसिटर किती टिकणार, त्यापेक्षा सरळ डीसी द्या आणि मोकळे व्हा.

एवढं केल्यावर सिग्नलचं फडफडणं शंभर टक्के गेलं. मी मामाला चहा पाजला. चार दिवसांनी थंडी वाढली आणि पहाटे हेडलाईट परत पेटेना.

इथं मल्टीमीटर लागतो. साधा घ्या, स्वस्तातला, पण घ्या. बॅटरीच्या टोकांवर बघितलं तर १२.४. आता बॅलास्टच्या इनपुट प्लगवर, प्लग जोडलेला ठेवूनच, मागच्या बाजूनं पिना खोचून, दुसऱ्या कुणालातरी बटण दाबायला सांगून बघितलं, तर पेटताना काटा ९.३ वर येतोय. म्हणजे तीन व्होल्ट रस्त्यातच गायब. बॅलास्टला साधारण ९ व्होल्टच्या खाली गेलं की तो हात वर करतो, माझा अगदी कडेवर चालला होता म्हणून दुपारी पेटायचा अन् पहाटे नाही. प्लग काढून मोजू नका, लोड नसताना तिथं पण १२.४ च दिसणार आणि तुम्ही म्हणणार वायरिंग तर ओके आहे. मी पहिल्यांदा तेच केलं होतं.

हे तीन व्होल्ट कुठं गेले? अर्धे किटच्या वायरमधे. बाहेरून जाड दिसते, सोलली तर आत शेवयांसारख्या चार तारा आणि बाकी सगळं प्लास्टिक. अर्धे अर्थिंगमधे, कारण लावणाऱ्यानं अर्थची थिंबल (वायरच्या टोकाची कडी) डूमच्या, म्हणजे हेडलाईटच्या खोळीच्या, ब्रॅकेटच्या बोल्टला आवळली होती, खाली रंग, रंगावर गंज. ती वायर काढून बॅटरीच्या प्लसपासून आणि मायनसपासून दोन्ही वायरी नव्या टाकल्या, दीड स्क्वेअर एमएमच्या, चांगल्या तांब्याच्या, टोकं थिंबल दाबून वर सोल्डर, त्यावर हीट श्रिंक. बॅटरीजवळच १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज. १० चा लावला होता आधी, पेटतानाच्या ओढीनं महिन्यातून एकदा उडायचा. पण बारीक वायर तशीच ठेवून फ्यूज वाढवत बसू नका, मग फ्यूजच्या ऐवजी वायर जळेल, ती पण टाकीखाली. नव्या वायरनंतर पेटतानाचं रीडिंग ११.७. तेव्हापासून पहाटे, थंडीत, पावसात कधी नखरा केला नाही. तरी एक सवय लावून घ्या, आधी गाडी चालू करायची, आठ दहा सेकंद जाऊ द्यायचे, मग हेडलाईट. सेल्फ मारताना बॅटरी खाली बसते आणि तेव्हाच बॅलास्टनं पण ओढायला सुरुवात केली तर दोघांचं पण अर्धवट राहतं.

आता सगळ्यात मोठं लफडं, जे किट विकणारा कधीच सांगत नाही. एसी गाडीत मॅग्नेटच्या कॉइलचा एक भाग हेडलाईटसाठी आणि दुसरा, बारका, बॅटरी चार्जिंगसाठी असतो. तो बारका भाग इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक लाईट एवढ्याच हिशोबानं केलेला. त्याच्यावर आपण कायमचा साडेतीन अँपिअरचा जावई आणून बसवला. मी एकदा चिपळूणहून रात्री निघालो, कुंभार्ली घाट चढून कोयनानगरपर्यंत काहीच जाणवलं नाही, पाटणच्या अलीकडं हॉर्न दाबला तर बसका आवाज, इंडिकेटर लावला तर तो लागून तसाच राहिला, आणि पाच मिनिटांत हेडलाईट एकदा लुकलुकला अन् संपला. गाडी चालू, पुढं मिट्ट काळोख. मोबाईलचा टॉर्च दातात धरून पाटणचं पहिलं हॉटेल गाठलं. हे पण बॅलास्ट गेल्यासारखंच दिसतं बरं का, सकाळी बॅटरी जराशी सावरली की परत पेटतो, माणूस म्हणतो बॅलास्ट गरम होऊन बंद पडत असेल.

ओळखायचं असं. हेडलाईट चालू ठेवून गाडी ४००० आरपीएमला धरा आणि बॅटरीच्या टोकांवर मोजा. १३.८ ते १४.५ च्या मधे आलं तर चार्जिंग पुरतंय. माझं आलं १२.१ आणि मिनिटामिनिटाला खाली सरकत होतं. यावर उपाय म्हणजे फुल डीसी करून घेणं. मॅग्नेटची प्लेट काढून कॉइलचं जे टोक बॉडीला अर्थ केलेलं असतं ते सोडवायचं, कॉइलची दोन्ही टोकं बाहेर काढायची आणि फुल वेव्हचा रेग्युलेटर रेक्टिफायर (कॉइलच्या एसीचा डीसी करून बॅटरीला देणारा) लावायचा, म्हणजे सगळी कॉइल बॅटरीच चार्ज करते. हे घरी बसून करायचं काम नाही, इंजिनचं कव्हर उघडावं लागतं, पॅकिंग नवीन लागतं, सोल्डर तेलात आणि उष्णतेत टिकला पाहिजे. मामानं अख्खी दुपार लावली, नंतर १४.१ आलं. तुमची गाडी मुळातच डीसी असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या, नशीबवान आहात.

बाकीची किरकोळ कारणं भराभर सांगतो. हेडलाईट नीट पेटतो, दोन चार मिनिटांनी विझतो, परत पेटतो, आणि उजेडाला गुलाबी जांभळी झाक आलीय, तर तिथं खरोखर बल्ब म्हातारा झालाय, बल्ब बदला, बॅलास्ट नाही. पावसात डूममधून टिकटिक आवाज आणि हेडलाईट लागत नाही, तर बल्बच्या मागचं रबर फाटलंय, तो मोठा झटका बल्बमधे जायच्या ऐवजी पाण्यातून डूमला जातोय. तिथं चालू असताना हात घालू नका, एकदम नाही, चावी काढा, पाच मिनिटं थांबा मग बघा. अप्परला आणि डिप्परला उजेड सारखाच, तर सरकणारा बल्ब मधेच अडकलाय, सरकवणाऱ्या कॉइलला एसी मिळत असेल तर हे हमखास होतं. डिजिटल मीटर मधेच झिरो होत असेल तर बॅलास्ट आणि त्याच्या वायरी मीटरच्या वायरिंगपासून लांब सरकवा. बल्बच्या काचेला बोट लावू नका, लागलंच तर स्पिरिटनं पुसा.

हे सगळं जमल्यावर माझं किट दीड वर्षं एकदाही न विझता चाललं. तरी आज ते माझ्या गाडीवर नाही.

झालं असं की कुंभार्लीतच एका वळणावर समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवली, खिडकीतून वाकून मला म्हणाला, "अहो पाव्हणं, चाळीस माणसं हायती माझ्या मागं, अन् मला कठडा दिसंना." मी म्हणलं डिप्परच आहे. तो म्हणाला, "मग अप्पर कसला आसंल?" भांडला पण नाही, काच वर करून गेला. मला ते जास्त लागलं.

घरी येऊन भिंतीवर बघितलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ नंबरचा नियम आहे, त्याचा हिशोब सोपा आहे, दिव्यापासून ८ मीटर पुढं, अर्धा मीटर उजवीकडं, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याचे डोळे दिपता कामा नयेत. शाळेच्या भिंतीपासून ८ मीटर मोजून गाडी सरळ उभी केली, मागं मित्राला बसवलं, दीड मीटरवर खडूनं रेघ मारली. डिप्परचा झोत त्या रेघेच्या वर पसरलेला, एकसारखा नाही, ठिगळं ठिगळं. डूम कितीही खाली वाकवला तरी वरची ठिगळं जाईनात. कारण साधं आहे, डूममधला आरसा हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो, त्या बल्बात डिप्परच्या तारेखाली एक पत्र्याची वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते म्हणून झोत वर उडत नाही. झेनॉनची ठिणगी जाडीला वेगळी, मिलीमीटरभर इकडंतिकडं, आणि स्वस्त बल्बाच्या पत्र्याचा काही भरवसा नाही. बीएमडब्ल्यूनं २०११ च्या के १६०० जीटीला झेनॉन दिला तेव्हा त्याच्याबरोबर खास लेन्सचा हेडलाईट दिला, गाडी वळताना झुकली तर झोत सरळ ठेवणाऱ्या आरशाची पण सोय केली. आपण काय करतो, तोच जुना डूम आणि आत नुसता बल्ब बदलतो. शिवाय मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ आहेच, कंपनीनं दिलेल्यात असे फेरफार चालत नाहीत, पोलिसानं धरलं तर बोलायला जागा नाही. आणि कुंभार्लीच्या पावसाळी धुक्यात ६००० केल्विनचा पांढरा उजेड म्हणजे समोर चुन्याची भिंत, हे तर मला आधीच कळायला पाहिजे होतं.

मग किट उतरवलं. पण वायरिंग तसंच ठेवलं, फक्त डिप्परसाठी अजून एक रिले वाढवला, आणि मूळचा ३५/३५ वॅटचा हॅलोजन बल्ब परत घातला, नवीन, चांगला. आणि खरं सांगतो, मी डूमकडं बघतच बसलो. जुन्या वायरिंगवर रेस सोडलेली असताना त्या बल्बला कसेबसे ११ व्होल्ट मिळायचे, आता साडेतेरा मिळत होते. हॅलोजनचं गणित असं आहे की व्होल्टेज दहा टक्के पडला की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो, म्हणजे इतकी वर्षं सिग्नलवरून निघताना, खड्ड्यात रेस सोडताना मी निम्म्याच उजेडात गाडी चालवत होतो आणि शिव्या बल्बला घालत होतो. झेनॉनएवढा नाहीच हा उजेड, ते म्हणणं खोटं होईल, पण उसाची ट्रॉली आता ब्रेकला वेळ मिळेल इतक्या लांबून दिसते आणि समोरचा कुणी थांबून काही म्हणत नाही. बल्ब थोडे लवकर जातात, वर्षाला एखादा. जाऊ दे.

किट मी मामाच्या दुकानात ठेवून आलो, तिन्ही बॅलास्टसकट, विकलं तर विक म्हणून. ते अजून खुंटीला लटकतंय. पोरं येतात, बघतात, किती चं विचारतात, आणि मामा हातातली पक्कड खाली न ठेवता विचारतो, "गाडी एसी का डीसी?" पोरगं गप्प झालं की मामा परत आपल्या कामाला.